जुने टीव्ही संच जमवणे आणि दुरुस्त करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणत्या संचाला ‘जुना’ म्हणावे?

याची सर्वमान्य व्याख्या नाही, पण आपल्याकडच्या संग्राहकांना एक रेघ सोयीची वाटते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. त्यामुळे महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९७२ ते १९८५ या काळातले कृष्णधवल संच हा या छंदाचा गाभा आहे. त्यांतही दोन पिढ्या आहेत. पहिल्या पिढीतल्या संचांत व्हॉल्व्ह (तापल्यावर चालणाऱ्या काचेच्या नळ्या) आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असत, त्यांना हायब्रिड म्हणतात. दुसरी पिढी पूर्णपणे ट्रान्झिस्टर आणि आयसीवर चालणारी. एखाद्या घरात परदेशातून आणलेला त्याहून जुना संच सापडतोही, पण तो अपवाद समजावा.

सुरुवातीच्या देशी संचांमागे पिलानीच्या ‘सीरी’ या सरकारी संशोधन संस्थेने केलेला आराखडा होता. हैदराबादच्या ईसीआयएलचा ‘ईसी’ टीव्ही, दिल्लीचा वेस्टन, मद्रासचे डायनोरा आणि सॉलिडेअर, मुंबईचा नेल्को, केरळचा केल्ट्रॉन, उत्तर प्रदेशचा अपट्रॉन, शिवाय क्राउन, टेलिव्हिस्टा, बुश, मर्फी, टेक्सला ही नावे जुन्या बाजारात आजही कानावर पडतात.

असे संच मिळतात कुठे?

पुण्यात जुना बाजार आणि मुंबईत चोरबाजार ही उत्तरे सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि म्हणूनच तिथे चांगला संच स्वस्तात मिळण्याचे दिवस सरले आहेत. बाजारात येणारा संच बहुधा दोन-तीन हातांतून गेलेला असतो. तांब्याच्या लोभाने कुणी योक (पिक्चर ट्यूबच्या मानेवरचे तांब्याच्या तारेचे वेटोळे) काढलेला असतो, तर कुणी मागचे झाकण हरवलेले असते. माझ्या संग्रहातले चांगले संच घरांतून आले आहेत. वाडा पाडायला निघाला की माळा रिकामा होतो. सोसायटीची पुनर्बांधणी ठरली की आजोबांचा शटरवाला (पडद्यापुढे लाकडी पट्ट्यांचे सरकते दार असलेला) टीव्ही कुणाला द्यायचा हा प्रश्न उभा राहतो. आपल्या छंदाची कल्पना नातेवाइकांना, गल्लीतल्या रद्दीवाल्याला आणि वस्तीतल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला देऊन ठेवावी. त्या मेकॅनिककडे ‘गिऱ्हाईक परत आलेच नाही’ या सदरातले दोन-चार संच असतातच.

आणखी एक हिशेब उपयोगी पडतो. मुंबई-पुण्यात १९७०च्या दशकातले, म्हणजे हायब्रिड पिढीतले संच मिळू शकतात, कारण तिथे प्रक्षेपण लवकर आले. राज्याच्या बऱ्याच भागात १९८०च्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिल्यावरच टीव्ही घरोघरी गेला. त्यामुळे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या तालुक्याच्या गावी व्हॉल्व्हचा संच शोधत फिरण्यापेक्षा तिथे त्या नंतरच्या पिढीतले, पण कमी हाताळलेले संच पाहावेत.

विकत घेण्यापूर्वी काय तपासावे?

दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने निर्णायक आहेत: पिक्चर ट्यूब आणि तिला लागणारा हजारो व्होल्टचा दाब तयार करणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर, ज्याला काही कारागीर एलओटी म्हणतात. बाकी सर्व भाग मिळतात, बनवता येतात किंवा त्यांना पर्याय असतो.

मागचे झाकण उघडू देत असतील तर आधी ट्यूबची मान पाहावी. मानेच्या टोकाला, सॉकेटच्या आत, काचेची एक बारीक शेपटी असते. ती तुटलेली असेल तर आत हवा शिरलेली असते आणि ट्यूबचा विषय तिथेच संपतो. शेपटी शाबूत असेल तर सॉकेट काढून मल्टिमीटरने हीटरच्या (ट्यूबमधल्या तापणाऱ्या बारीक तारेच्या) पिना तपासाव्यात. काही ओहम दाखवले तर तार जिवंत आहे. ट्यूबमध्ये किती जीव उरला आहे हे मात्र यावरून कळत नाही. त्यानंतर ईएचटीच्या वेटोळ्यावर जळाल्याची काळी रेघ, फुगलेले मेण किंवा तडा दिसतो का ते पाहावे. व्हॉल्व्हचा संच असेल तर व्हॉल्व्हच्या काचेवरची चंदेरी झाक पाहावी, ती दुधासारखी पांढरी झाली असेल तर तो व्हॉल्व्ह गेला.

लाकूड बोटाने ठोकून पाहावे. पोकळ, कागदी आवाज आला तर वाळवी आहे, आणि तो संच आपल्या घरी नेणे म्हणजे इतर फर्निचरला आमंत्रण देणे होय. बटणे, मोनोग्राम, शटरचे कुलूप आणि मागचे झाकण जागेवर आहे का तेही पाहावे, कारण नेमक्या त्याच बटणाची जोडी शोधण्यात दोन वर्षे जातात. विक्रेता ‘चालू आहे’ म्हणाला तरी ‘बंद आहे’ असे गृहीत धरूनच किंमत ठरवावी. तो ‘लावून दाखवतो’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावे. कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

अगदी पहिला संच कोणता घ्यावा?

बारा किंवा चौदा इंची, ट्रान्झिस्टरवर चालणारा, कृष्णधवल पोर्टेबल संच घ्यावा, आणि शक्यतो ज्याच्या मागे १२ व्होल्ट बॅटरीची जागा आहे असा. अशा संचात बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर असतो. त्यामुळे चासी (सर्व भाग बसवलेला धातूचा सांगाडा) विजेच्या लाइनपासून वेगळी राहते आणि बहुतेक सर्किट ११-१२ व्होल्टवर चालते. ट्यूबला लागणारा हजारो व्होल्टचा दाब त्यातही असतोच, तेवढे विसरू नये. वीस इंची शटरवाल्या संचाचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. पण पोहायला शिकायचे ते उथळ पाण्यात.

घरी आणल्यावर एकदा लावून पाहिला तर काय बिघडते?

बरेच काही बिघडते. वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या संचातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात किंवा त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर विरलेला असतो. अचानक पूर्ण दाब मिळाला की ते शॉर्ट होतात, आणि जाताना रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) किंवा ईएचटी सोबत नेतात.

मी हे वाचून शिकलो नाही. वाईतल्या एका वाड्यातून आणलेला वीस इंची शटरवाला संच मी त्याच रात्री उत्साहाच्या भरात थेट प्लगला लावला. अर्धा मिनिट व्हॉल्व्ह सुंदर तांबूस पेटले, आवाजाची खरखर आली, मग करपलेल्या मेणाचा वास आला आणि धूर निघाला. दुसऱ्या दिवशी चासी बाहेर काढली तेव्हा तिच्या कडेला कुण्या मेकॅनिकने पेन्सिलीने लिहिलेले दिसले: ‘ईएचटी नवी, १२-११-८२’. दिल्लीची आशियाई क्रीडा स्पर्धा त्या महिन्याच्या १९ तारखेला सुरू झाली. घरमालकाने सामने पाहायला मिळावेत म्हणून आठवडाभर आधी धावपळ करून बसवून घेतलेला तो भाग मी अर्ध्या मिनिटात जाळला होता. तशी ईएचटी मिळायला मला पुढे चौदा महिने लागले.

तेव्हा नियम असा की आधी उघडावे, साफ करावे, तपासावे, आणि नंतरच, तेही सिरीज बल्ब लावून, हळूहळू वीज द्यावी. आपला ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब संचाच्या मालिकेत जोडला की आत शॉर्ट असल्यास बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. व्हॉल्व्हच्या संचात हीटर तापेपर्यंत बल्ब काही वेळ उजळ राहतो, त्याला घाबरू नये. व्हेरिॲक (विजेचा दाब हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर अधिक चांगले.

या कामात धोका किती आहे?

जिवावर बेतण्याइतका आहे, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय मागचे झाकण उघडू नये.

पहिला धोका चासीचा. त्या काळच्या मोठ्या संचांत खर्च आणि वजन वाचवण्यासाठी मेन ट्रान्सफॉर्मर गाळलेला असे. चासी थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तीच चासी फेजवर जाते. ब्रिज रेक्टिफायर असलेल्या संचात तर प्लग कसाही लावा, चासीला झटका असतोच. म्हणून टेबलावर १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दाब तोच ठेवून संच विजेच्या लाइनपासून वेगळा करणारा) हवाच. हायब्रिड संच दीडशे वॅटच्या आसपास ओढू शकतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर २५० व्हीएचा किंवा त्याहून मोठा असावा. घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या बाजूला ती आपले रक्षण करत नाही. तिथे दोन्ही तारांना एकाच वेळी हात न लागू देणे हेच रक्षण, म्हणून जुने कारागीर चालू संचावर काम करताना डावा हात खिशात ठेवतात.

दुसरा धोका ट्यूबमध्ये साठलेल्या विजेचा. वीस इंची कृष्णधवल ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या आगेमागे दाब लागतो, रंगीत ट्यूबला पंचवीस हजारांपर्यंत. ट्यूबच्या काचेला आतून-बाहेरून वाहक थर असल्याने ती स्वतःच एक मोठा कंडेन्सर असते आणि प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवते. चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याला जाड तार बांधावी आणि तारेचे दुसरे टोक ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या थरावरून जाणाऱ्या वेणीसारख्या अर्थ-तारेला क्लिपने लावावे. मग एका हाताने स्क्रू-ड्रायव्हर रबरी टोपीखाली सरकवून आतल्या हुकाला टेकवावा. तार चासीला लावू नये, कारण तो झटका ट्रान्झिस्टर मारू शकतो. एकदा ‘टच’ असा आवाज आला म्हणजे काम झाले असे समजू नये. पाच मिनिटांनी ट्यूब पुन्हा थोडी भरलेली आढळते, म्हणून तीच कृती पुन्हा करावी.

तिसरा धोका काचेचा. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते आणि सर्वांत नाजूक जागा म्हणजे मान. संच उचलताना पडदा आपल्या छातीकडे ठेवावा, कारण वजन त्याच बाजूला असते. ट्यूब बाहेर काढल्यास ती मऊ गोधडीवर पालथी ठेवावी आणि मानेला धरून कधीही उचलू नये. डोळ्यांवर गॉगल असावा. आणि एकट्याने, रात्री, दमलेले असताना हे काम करू नये.

दुरुस्तीचा क्रम कसा असावा?

प्रथम फोटो. झाकण उघडल्यावर जसे दिसले तसे वीस-पंचवीस फोटो काढून ठेवावेत, कारण कोणती पिवळी तार कुठे होती हे दोन महिन्यांनंतर कुणालाही आठवत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा कॅबिनेटच्या तळाशी सर्किटचा नकाशा चिकटवलेला असेल तर त्याचाही फोटो घ्यावा आणि मूळ कागदाला हात लावू नये.

मग सफाई. रंगवायचा मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर पुरतो. पाणी अजिबात नको. पालीची अंडी, झुरळांची घरटी आणि उंदराने आणून ठेवलेला कापूस हे ठरलेले पाहुणे. ईएचटीच्या आजूबाजूची धूळ विशेष काळजीने काढावी. दमट हवेत त्याच धुळीवरून ठिणगी वाट काढते.

त्यानंतर कंडेन्सर. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कंडेन्सर सरसकट बदलावेत, असे माझे मत आहे. प्रत्येक जुना भाग तपासून चालू असेल तर ठेवावा असे म्हणणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण पन्नास वर्षांच्या कागदी कंडेन्सरवर मी ईएचटी पणाला लावणार नाही. नवा कंडेन्सर तितक्याच किंवा थोड्या जास्त मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्यावा, १०५ अंशांचा मिळाला तर उत्तम. प्लस-मायनस दोनदा पाहून मगच डाग (सोल्डर) द्यावा. चासीवर दिसणारा ॲल्युमिनियमचा मोठा डबा मात्र फेकू नये. तो आतून रिकामा करून नवे कंडेन्सर त्यातच बसवता येतात, म्हणजे रूप तेच राहते. सिरेमिक आणि मायका कंडेन्सर सहसा ठणठणीत असतात, त्यांना उगीच छेडू नये. कार्बन रेझिस्टन्स वयानुसार वाढतात, मूल्य वीस टक्क्यांहून सरकले असेल तर बदलावेत.

या सर्वांत महत्त्वाची सवय म्हणजे एका वेळी एकच बदल करणे आणि तो वहीत लिहिणे. दहा भाग एकदम बदलले आणि संच बोलेनासा झाला तर चूक कोणत्या डागात आहे हे शोधताना पुरे होते.

पडद्यावर जे दिसते त्यावरून दोष ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. टीव्ही हे असे यंत्र आहे की ते आपला आजार स्वतःच चित्र काढून दाखवते. पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ म्हणजे व्हर्टिकल विभाग (चित्र वर-खाली पसरवणारा) बंद. हायब्रिड संचात तिथे पीसीएल ८०५ किंवा तत्सम व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या भोवतीचे भाग तपासावेत. अशा वेळी ब्राइटनेस ताबडतोब कमी करावा, नाहीतर ती रेघ ट्यूबवर कायमची कोरली जाते. चित्र वर-खाली धावत असेल तर व्हर्टिकल होल्ड, तिरप्या पट्ट्यांत फाटत असेल तर हॉरिझॉन्टल. आवाज आहे पण पडदा काळा, तर शंका लाइन आउटपुट आणि ईएचटीवर. व्हॉल्व्हमध्ये तिथे पीएल ५०४ आणि पीवाय ८८ ही जोडी, तर ट्रान्झिस्टर संचात बहुधा बीयू २०५ असतो. एक जाड सावलीची पट्टी सावकाश वर सरकत असेल आणि चित्राच्या कडा नागमोडी असतील, तर फिल्टर कंडेन्सर सुकला आहे. चित्र चारही बाजूंनी आक्रसले असेल तर सप्लायचा दाब कमी आहे.

कानही उपयोगी पडतो. आपल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत हॉरिझॉन्टल विभाग सेकंदाला १५,६२५ वेळा चालतो आणि त्याची बारीक शिट्टी ऐकू येते. शिट्टी आहे म्हणजे तो विभाग निदान जिवंत आहे. पन्नाशीनंतर ती बहुतेकांना ऐकू येत नाही. मी घरातल्या शाळकरी मुलीला हाक मारतो.

एकही व्हॉल्व्ह पेटत नाही. सगळेच गेले का?

तसे क्वचितच असते. या संचांतल्या ‘पी’ने सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचे हीटर ३०० मिलिॲम्पिअरवर एकामागोमाग एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेतल्या दिव्यांसारखे. एकाची तार तुटली की सगळी माळ अंधारात. प्रत्येक व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढून त्याच्या हीटरच्या पिना मल्टिमीटरने तपासाव्यात. सगळे चांगले निघाले तर ड्रॉपर रेझिस्टन्स (माळेला मिळणारा दाब कमी करणारा) पाहावा.

पिक्चर ट्यूब कमजोर असेल तर काय करता येते?

कमजोर ट्यूबचे चित्र उशिरा उमलते, फिके असते, आणि ब्राइटनेस वाढवला की चेहऱ्यांवरचा उजळ भाग चांदीसारखा चकाकून उलटा दिसू लागतो. आपल्याकडे यावर दोन उपाय रूढ होते. पहिला ‘ट्यूब चार्ज करणे’, म्हणजे हीटरला थोडा वेळ जास्त दाब देऊन कॅथोडचा थर जागा करणे. दुसरा, वेगळ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरने हीटरचा दाब कायमचा थोडा वाढवणे. दोन्ही उपाय म्हाताऱ्या बैलाला चाबूक मारण्यासारखे आहेत. काही महिने काम होते, कधी पहिल्याच प्रयत्नात हीटर तुटतो. ट्यूबची मान कापून नवी गन (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) बसवण्याचे, म्हणजे रिगनिंगचे काम पूर्वी चालत असे. आज ते करणारा शोधण्यापेक्षा दुसरी ट्यूब शोधणे सोपे.

इथे एक दिलासा आहे. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि नंतर सॅमटेल यांसारखे मोजकेच उत्पादक बहुतेक कंपन्यांना ट्यूब पुरवत. त्यामुळे वीस इंची संचांच्या ट्यूब एका कंपनीच्या संचातून दुसरीच्या संचात अनेकदा बसतात. मानेची जाडी, हीटरचा दाब आणि पिनांची रचना जुळते का ते पाहावे, आणि मूळ संचाचा योक शक्यतो बदलू नये. कॅबिनेट कुजलेला पण ट्यूब धडधाकट असा संच दिसला तर तो सुट्या भागांसाठी जरूर घ्यावा.

पावसाळ्यात ईएचटीतून चर्र आवाज येतो आणि उग्र वास येतो. हे कशामुळे?

वेटोळ्यांवरच्या जुन्या आवरणाने ओल पकडलेली असते आणि दाब हवेतून गळत असतो. तो वास ओझोनचा. संच लगेच बंद करावा. ईएचटी काढता येत असेल तर ती पत्र्याच्या डब्यात ४० वॅटच्या बल्बजवळ दोन-तीन दिवस ठेवावी, इतकी दूर की मेण वितळणार नाही. कोरडी झाल्यावर उच्च दाबाचे वार्निश द्यावे. ठिणगीने एकदा काळी वाट करून ठेवली असेल तर तो कोळसा पूर्ण खरवडल्याशिवाय वरून वार्निश देण्यात अर्थ नाही, कारण कोळसा वीज वाहतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनी हे काम दसऱ्यानंतरच हाती घ्यावे असा माझा सल्ला आहे.

सुटे भाग कुठे शोधावेत?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबा-तपकीर गल्लीचा परिसर. कंडेन्सर, रेझिस्टन्स आणि ट्रान्झिस्टर तिथे सहज मिळतात. व्हॉल्व्ह मिळतात ते जुन्या दुकानांच्या पोटमाळ्यावर, मूळ खोक्यांत. बीयू २०५सारख्या ट्रान्झिस्टरच्या नकला भरपूर आहेत. फार हलका लागला किंवा छपाई बोटाने पुसली गेली तर घेऊ नये.

लाकडी कॅबिनेट आणि शटर कसे नीट करावे?

कॅबिनेट नवा दिसेपर्यंत घासू नये, हे प्रथम. अनेक संचांवर सागाचा पातळ विनिअर असतो, कागदाहून थोडा जाड. यांत्रिक सँडरने तो एका फटक्यात उडतो आणि खालचा प्लाय उघडा पडतो. आधी किंचित ओल्या फडक्याने मळ काढावा, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख पातळ हातांनी, कापसाच्या बोळ्याने द्यावी. चार-पाच हात पुरतात. कडेला सुटलेला विनिअर फेव्हिकॉल घालून, वर कागद आणि वजन ठेवून रात्रभर दाबावा. कपाटाच्या कडेवरचा ग्लासचा गोल डाग, कुणा मुलाने कंपासने कोरलेले नाव अशा खुणा मी तशाच ठेवतो.

शटर म्हणजे लाकडाच्या उभ्या अरुंद पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या. पट्ट्या चांगल्या असतात, कापड कुजते. पट्ट्यांवर मागून पेन्सिलीने क्रमांक घालून त्या सोडवाव्यात, जाड कॅनव्हासवर त्याच क्रमाने पुन्हा चिकटवाव्यात. सरस पट्ट्यांच्या फटीत उतरला तर शटर वळत नाही, म्हणून सरस पट्टीला लावावा, कापडाला नाही. खाचेत तेल घालू नये, मेणबत्ती घासावी.

आता प्रक्षेपणच उरलेले नाही. मग चित्र आणायचे कुठून?

दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे ॲनालॉग प्रक्षेपण मोजके अपवाद वगळता २०२२ पर्यंत बंद झाले. त्यामुळे गच्चीवरचा यागी अँटेना आता कावळ्यांच्या कामाचा राहिला आहे. परंतु संचाला प्रक्षेपण लागत नाही, त्याला लागतो तो योग्य चॅनेलवरचा सिग्नल, आणि तो मॉड्युलेटर (चित्र-आवाज टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारा डबा) देतो. मॉड्युलेटर निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. जुने संच फक्त व्हीएचएफ घेतात, म्हणजे बटणावरचे २ ते ४ आणि ५ ते १२ हे चॅनेल. बाजारातले अनेक छोटे मॉड्युलेटर यूएचएफचे असतात, ते निरुपयोगी. दुसरे म्हणजे आपल्याकडे चित्र आणि आवाज यांत ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर असते. अमेरिकी मॉड्युलेटरमध्ये ते ४.५ आणि ब्रिटिश मॉड्युलेटरमध्ये ६ असल्याने चित्र आले तरी आवाजाच्या जागी खरखर येते.

माझ्या अनुभवात सर्वांत चांगला मॉड्युलेटर केबलवाल्याच्या भंगारात मिळतो. केबल डिजिटल झाल्यावर एकेका चॅनेलसाठीचे ते पत्र्याचे डबे अडगळीत गेले. व्हीएचएफ चॅनेलचा एक डबा घ्यावा, सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या आणि पांढऱ्या एव्ही तारा त्याला जोडाव्यात, आणि बाहेर येणारी ७५ ओहमची केबल बॅलन (दोन्हींचे ओहम जुळवणारा छोटा जोड) लावून संचाच्या ३०० ओहमच्या स्क्रूंना द्यावी. सिग्नल फार तीव्र असतो, मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) घालावा, नाहीतर चित्र काळवंडून वळवळते. मोबाइलवरचे किंवा संगणकावरचे चित्र दाखवायचे असेल तर एचडीएमआयवरून एव्ही करणारा कन्व्हर्टर चालतो. त्यावरचे बटण ‘PAL’ (पाल, आपल्याकडची पद्धत) वर ठेवावे आणि चित्राचा आकार ४:३ करावा.

चॅनेल बदलताना खरखर होत असेल तर ट्यूनरच्या फिरत्या पट्ट्यांचे टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सुती फडक्याने पुसावे. आतल्या छोट्या कॉइलना हात लावू नये, त्या एकदा हलल्या की चॅनेल सापडत नाही.

आतले सगळे काढून एलसीडी बसवला तर?

तर ते कपाट होते. आतून पूर्ण कुजलेल्या संचाबाबत मी कुणाला अडवणार नाही, पण ट्यूब जिवंत असलेला संच त्यासाठी फोडू नये.

रंगीत संच जमवावेत का?

जागा असेल तर जरूर. १९८२ नंतरचे पहिले रंगीत संच आता चाळिशी ओलांडून गेले आहेत आणि लोक ते अजूनही ‘डबडे’ म्हणून टाकून देतात. दुरुस्ती मात्र अधिक किचकट आहे. कोपऱ्यात हिरवा किंवा जांभळा डाग दिसत असेल तर ट्यूब चुंबकित झालेली असते. आधी शेजारचा स्पीकर हलवावा, मग डिगॉसिंग कॉइलचा (ट्यूबचे चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा) पोझिस्टर, म्हणजे तापला की त्याची वीज रोखणारा भाग, तपासावा. मानेवरच्या चुंबकी कड्या मात्र रंग किंचित सरकलेत म्हणून फिरवत बसू नये. कारखान्यात बसवलेला तो तोल हाताने परत आणायला अख्खा रविवार जातो, आणि तरीही एक कोपरा रुसलेलाच राहतो.

जुन्या संचासाठी लायसन्स लागते का?

नाही. पोस्टातून काढावे लागणारे टीव्हीचे लायसन्स १९८०च्या दशकातच रद्द झाले. संचासोबत त्याचे जुने पुस्तक मिळाले तर मात्र जपून ठेवावे. त्यावरच्या शिक्क्यांवरून संच केव्हापासून वापरात होता हे समजते.

दुरुस्त न होणाऱ्या संचाचे काय करावे?

उपयोगी भाग काढून नीट नावे घालून ठेवावेत. ट्यूब कचऱ्यात टाकू नये आणि फोडू तर मुळीच नये. काचेत शिसे असते आणि आतल्या पडद्यावर रसायनांचा लेप. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे ती अखंड द्यावी.

दुरुस्त झालेला संच किती वेळा चालवावा?

महिन्यातून एकदा, अर्धा ते एक तास. त्याने कंडेन्सर ताजे राहतात आणि आतली ओल निघते. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, आणि त्याआधी मागच्या झाकणापाशी तासभर टेबल लॅम्प पेटता ठेवावा. चालू असताना वर फुलदाणी, फोटो किंवा भरतकामाचा रुमाल नको. तो रुमाल आजी घालत असत हे खरे, पण त्या संच लावण्यापूर्वी तो काढून घडी करून ठेवत.